बोका निर्दोष आहे

४ सप्टेंबर

प्रिय आत्या,

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि तू ते कबूल करत नाहीस, म्हणून हे पत्र. परवा मी फोनवर "मला खाज सुटलीये" म्हणाले, तर तू म्हणालीस, "साज? कसला साज?" मग मी ओरडून सांगितलं. आजूबाजूच्या सगळ्या घरांना कळलं. तुला सोडून.

तर, मला खाज सुटली आहे. पुरळ नाही, लाली नाही, कशाचा चावा नाही. नुसती खाज. पोटऱ्या, पाठ, तळपाय. बाबा म्हणतात साबण. त्यांचं चष्म्याचं दुकान असल्यामुळे त्यांची समजूत आहे की जगातलं सगळं त्यांनाच स्वच्छ दिसतं. आई म्हणते ढेकूण. ती बस चालवते, त्यामुळे एकदा निघाली की पुढचा थांबा येईपर्यंत कुणाचं ऐकत नाही. रविवारी तिने माझी गादी उन्हात टाकली, झोडपली आणि शेवटी उसवली. ढेकूण एकही निघाला नाही. कापूस मात्र अजून निघतोय.

मग दोघांचं एकमत झालं, जे आमच्या घरात सहसा होत नाही. ते म्हणजे बोका. त्याच्या केसांमुळे होतं म्हणे. बिचारा माझ्या पायाशी झोपून मोठा झाला, तेव्हा कुणाला काही झालं नाही. काल त्याला समोरच्या शिंपीणकाकूंकडे हद्दपार केलं. तो दिवसभर त्यांच्या खिडकीत बसून आमच्याकडे बघत होता. अपिलात जाणार असल्यासारखा.

बाकी बरं चाललंय. बँडमध्ये मला ट्रम्पेटची पहिली खुर्ची मिळाली. नोव्हेंबरात स्पर्धा आहे. त्यात एक लांब सूर आहे, तो मला अजून पुरत नाही. बँडमास्तर म्हणतात, "वय सतरा आणि फुंकर सत्तरची!" मला वाटतं मी जरा दमलेय. एवढंच.

तुझी,
पिपाणी
(हे नाव आता बँडमध्येही पसरलंय. त्याबद्दल तुझ्याशी वेगळं भांडायचंय.)

११ सप्टेंबर

पिपाणे,

पत्र मिळालं. 'निर्दोष' असा शब्द तू लिहिलेला नाहीस, पण बोक्याच्या बाबतीत तो लिहायला हवा होतास. 'उन्हात' बरोबर. 'पोटऱ्या' बरोबर. शाबास. पाकिटावर मात्र माझ्या गल्लीचं नाव तू दीर्घ लिहिलंस. छापखान्यात सबंध जन्म प्रुफं तपासण्यात गेला, आणि सख्ख्या भाचीने पाकिटावरच नाक कापावं!

मला नीट ऐकू येतं. लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात.

तुझ्या बापाला सांग, साबण बदलून बघ, पण त्यावर व्याख्यान देऊ नकोस. लहानपणी तो मला ताप आला की खिडकीच्या काचा पुसायचा. त्याला वाटायचं, बाहेरचं स्पष्ट दिसलं की माणूस बरा होतो. आणि तू डॉक्टरांकडे जा. खाज ही काही घरात मतदान घेऊन ठरवायची गोष्ट नव्हे.

तुझी आत्या

२ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

डॉक्टरांकडे जाऊन आले. आपले नेहमीचेच, हळू बोलणारे. तुला आठवतात ना? त्यांचं सगळं वैद्यक एका शब्दात मावतं: "बघू." ताप? बघू. पाय मोडला? बघू. खाज ऐकून म्हणाले, "कातडी कोरडी आहे. हे मलम लाव, ही गोळी घे, मग बघू." मलम लावलं. आता मी कोरडी नाही, बुळबुळीत आहे, आणि खाजवताना हात घसरतो.

पण एक फायदा झालाय! माझं वजन उतरलंय. काही न करता. शिंपीणकाकूंनी माझा बँडचा कोट दोनदा आत घेतला आणि म्हणाल्या, "काय गं, काय खातेस? मलाही सांग." मैत्रिणी मागे लागल्यात. मी त्यांना खरं सांगितलं, की भूकच लागत नाही, तर म्हणाल्या, "हो हो, गुपित ठेव तुझ्याकडेच."

झोपेत मात्र घाम फुटतो. थोडाथोडका नाही, कपडे पिळावे लागतात. आई म्हणते, पांघरूण जाड आहे. पातळ दिलं. पातळही भिजलं. आता मी पांघरूणच घेत नाही, तर चादर भिजते. बाबा म्हणतात, ही हवाच तशी आहे. हवा त्यांना सोडून फक्त मलाच कशी लागते, ते सांगत नाहीत.

लांब सूर अजून जमत नाही. जिना चढले तरी मध्ये थांबून भिंतीवरची पाटी वाचल्याचं नाटक करावं लागतं. कोरडा खोकलाही आहे. बँडमास्तरांना वाटतं, मी कामचुकार झाले.

बोका अजून काकूंकडेच. मलम लावल्यापासून तो मला ओळखतही नाही.

तुझी पिपाणी

९ ऑक्टोबर

पिपाणे,

पत्र तीनदा वाचलं आणि मग चष्मा काढून हसले.

झोप नाही. भूक नाही. वजन उतरतंय. घाम फुटतो. जिन्यात दम लागतो आणि पाटी वाचायचं नाटक करावं लागतं. अगं, याला मलम लागत नाही! याला एकच नाव आहे, आणि ते तुझ्या आईबापाला दिसत नाही, कारण त्यांनी प्रेम केलं त्याला आता फार दिवस झाले.

कोण आहे तो? झांजवाला की ड्रमवाला? झांजवाला असेल तर विचार कर. ज्या माणसाला पूर्ण गाण्यात दोनदाच काम असतं, तो संसारातही तेवढंच करतो. ड्रमवाला असेल तर घरात शांतता विसर. बासरीवाला असला तर मला आधी दाखव.

आईला सांगू नकोस. मी कुणाला बोलणार नाही. माझ्या पोटात गोष्ट राहते, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तर मला कुणी काही सांगत नाही.

तुझी (जग पाहिलेली) आत्या

१६ ऑक्टोबर

आत्या!!!

झांजवाला माझ्यापेक्षा वीतभर बुटका आहे आणि नाकातून बोलतो. ड्रमवाल्याला स्वतःच्या चपला सापडत नाहीत. बासरीवाली मुलगी आहे. मी कुणाच्याही प्रेमात नाही! तुझं पत्र नेमकं बाबांच्या हाती लागलं आणि त्यांनी पाकिटावरचं तुझं अक्षर बघून "ताईचं दिसतंय" म्हणत उघडायला घेतलं. मी झडप घातली. आता त्यांना खरंच संशय आलाय. कालपासून ते बँडच्या सरावाला मला सोडायला येतात आणि प्रत्येक मुलाच्या चष्म्याचा नंबर विचारतात.

हो, आणि एक गंमत राहिलीच. माझ्या मानेला गाठ आली आहे. डाव्या बाजूला, खांदा आणि मान जिथे भेटतात तिथे. आधी वाटाण्याएवढी होती, आता छोट्या लिंबाएवढी. दुखत नाही. दाबली की खोडरबरासारखी लागते. बाबांचं म्हणणं, ट्रम्पेट फुंकून हवा अडकली. त्यांनी मला दोन दिवस उलट्या दिशेने श्वास घ्यायला लावला, म्हणजे काय ते त्यांनाही सांगता आलं नाही.

परत डॉक्टरांकडे गेले. घसा बघितला, म्हणाले, जंतुसंसर्गाने गाठी सुजतात, गोळ्या घे, मग बघू. गोळ्या संपल्या. गाठ आहे तिथेच आहे. उलट शेजारी आणखी एक आली. एकटीला करमत नसावं.

पण आता मी जाणार नाही. स्पर्धा तोंडावर आलीये. खाजेसाठी गेले, गाठीसाठी गेले, आता गेले तर ते म्हणतील, या पोरीला दवाखान्याचं वेड आहे. तू बाबांना काही लिहू नकोस. ते पुन्हा उलटा श्वास सुरू करतील.

तुझी (प्रेमात नसलेली) पिपाणी

२१ ऑक्टोबर

पिपाणे,

आज चुका दाखवत नाही.

गाठीची बातमी तू झांजवाल्याच्या आणि चपलांच्या खाली लिहिलीस. ती पहिल्या ओळीत हवी होती. छापखान्यात असं पान आलं असतं तर मी परत पाठवलं असतं.

मला यातलं काही कळत नाही. मी एकच निदान केलं आणि तेही चुकलं. पण मला एवढं दिसतंय की डॉक्टरांकडे तू दर वेळी एकच गोष्ट घेऊन जातेस. खाज सांगितलीस, तेव्हा घाम सुरू व्हायचा होता. गाठ दाखवलीस, तेव्हा घाम सांगितलास का? वजन? जिना? मला सगळं सांगतेस आणि ज्याला सांगायचं त्याला तुकडे देतेस. तो तरी काय जोडणार?

तिसऱ्यांदा जा. आईला बरोबर घे. सगळं एका दमात सांग. ते वैतागले तर वैतागू देत. गोळ्या संपून गाठ तशीच राहिली, तर परत जाणं यात नाटकीपणा नाही. नाटकीपणा तर माझ्याकडून शिकावा.

जाणार नाहीस, हे मला माहीत आहे. माझ्यासारखीच आहेस. म्हणून सौदा. ज्या दिवशी तू जाशील, त्याच दिवशी मी कानांच्या डॉक्टरकडे जाईन. होय. मला ऐकू येत नाही. फोनच काय, काल दारावर पोस्टमन अर्धा तास ठोकत होता. हे कबूल करताना माझा जीव किती खालीवर झाला, ते तुला कळायचं नाही. आता तुझी पाळी.

आत्या

३ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

गेले. तूही जा, आता सुटका नाही.

आई ड्यूटीवरून थेट आली, गणवेशात. दवाखान्यातल्या एका आजोबांनी तिला पाहून तिकीट मागितलं. आत गेलो आणि मी सगळं एका दमात सांगायला सुरुवात केली. खाज, घाम, वजन, जिना, खोकला, गाठ, दुसरी गाठ. पण एका दमात होईना. मध्ये दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला. डॉक्टर लिहीत होते, त्यांनी पेन खाली ठेवलं.

"पुन्हा सांग," म्हणाले. "सावकाश."

मी सांगितलं. त्यांनी मान तपासली, मग काखा, मग पोट. मला गुदगुल्या झाल्या आणि मी हसले. ते हसले नाहीत. मी म्हणाले, "सॉरी हं, परत परत येते." तर म्हणाले, "पोरी, पहिल्यांदा आलीस तेव्हा मला वाटलं कातडी. दुसऱ्यांदा वाटलं घसा. तिसऱ्यांदा त्याच तक्रारी घेऊन कुणी आलं की माझ्यासारख्याने आपलं आधीचं सगळं खोडून पहिल्यापासून विचार करायचा असतो. बरं झालं आलीस. रक्त आणि छातीचा एक्स-रे. आजच."

आत्या, ते "आजच" म्हणाले. ज्या माणसाने जन्मात "बघू"शिवाय काही म्हटलं नाही, तो "आजच" म्हणाला. आईचा चेहरा असा झाला की जणू उतारावर ब्रेक लागेना.

एक्स-रे घरी आणला. बाबांनी तो खिडकीला लावला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "एकदम स्वच्छ. काही नाही." आईने तो सुलटा करून दिला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दाखवलं. छातीच्या मधोमध जी सावली असते, ती हवी त्यापेक्षा रुंद आहे. तिथेही गाठी आहेत म्हणे, म्हणून फुंकर पुरत नाही. रक्तातही काहीतरी वाढलंय. मोठ्या हॉस्पिटलला त्यांनी आमच्यासमोर फोन लावला आणि पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. याच आठवड्यातली वेळ मिळाली.

निघताना मी बोक्याचं विचारलं. म्हणाले, "बोक्याचा काही संबंध नाही. ट्रम्पेटचाही नाही. साबणाचा तर नाहीच." बोका परत आलाय. काकूंकडे राहून इतका सुटलाय की त्याला उचलायला आता मला दोन्ही हात लागतात.

मला भीती वाटते का, ते विचारू नकोस.

पिपाणी

८ नोव्हेंबर

पिपाणे,

विचारत नाही. मला वाटते, तेवढं सांगते.

शब्द पाळला. कानांच्या डॉक्टरने मला एका पेटीत बसवलं, डोक्यावर यंत्र घातलं आणि सांगितलं, आवाज आला की बटण दाब. मला वाटलं, ही परीक्षा आहे. मी भराभर दाबत सुटले. बाहेर येऊन तो म्हणाला, "आजी, मी अजून सुरूच केलं नव्हतं."

आता दोन्ही कानांत यंत्रं आहेत. घरात घड्याळ आहे आणि ते टिकटिक करतं, हा शोध मला या वयात लागला. माझ्या सपाता करकरतात. शेजारीण रोज गाते, आणि मी इतकी वर्षं तिला शांत स्वभावाची समजत होते. खालच्या मजल्यावर माझा उल्लेख "ती वरची तोफ" असा होतो, हेही काल कळलं.

आता म्हणशील, मग फोन कर. नको. फोनवर माणसं मध्ये मध्ये नुसतं "हं" म्हणतात. पत्रात "हं" म्हणता येत नाही, काहीतरी लिहावं लागतं. मोठ्या हॉस्पिटलात काय झालं ते लिही. शब्द गाळू नकोस.

आत्या

१९ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

मी अठराची नाही म्हणून मला लहान मुलांच्या वॉर्डात ठेवलं. पलंग इतका आखूड की पाय बाहेर. पायांशी भिंतीवर जिराफ, डोक्याशी हत्ती. शेजारच्या पलंगावर चार वर्षांची एक बाई आहे. बाईच म्हणायचं, कारण ती डॉक्टरांनाही "हात धुतले का?" विचारते. मला म्हणाली, "तू एवढी मोठी होऊन आजारी कशी पडलीस?" एक विदूषक आला होता. त्याने मला पाहिलं, पोरांना दाखवायचा फुगा माझ्यासमोर धरला, मग ओशाळला आणि अभ्यास कसा चाललाय ते विचारलं.

मानेतली एक गाठ काढली. अख्खी. मी म्हटलं, सुईने जरासं घेऊन नाही का चालत? तर सर्जन म्हणाले, "एक पान वाचून पुस्तकाचं नाव ओळखता येत नाही, पूर्ण पुस्तक लागतं." तुला आवडलं असतं. आता ती गाठ सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. अहवालाला आठवडा लागेल.

स्पर्धा माझ्याशिवाय झाली. आपला बँड तिसरा आला. झांजवाल्याने त्याच्या दोनांपैकी एक झांज पाडली. बँडमास्तर भेटायला आले, कोपऱ्यात उभे राहिले आणि "फुंकर सत्तरची" म्हटल्याबद्दल इतक्यांदा माफी मागितली की शेवटी चार वर्षांच्या बाईंनी त्यांना गप्प बसायला सांगितलं.

घरात तो शब्द कुणी काढत नाही. बाबा "ते प्रकरण" म्हणतात. आई "तसलं काही नसेल" म्हणते. मी खोलीत आले की दोघं एकदम हवेबद्दल बोलायला लागतात. मी काल हवेबद्दल विचारलं, तर आई रडली.

आत्या, मला कॅ... असेल का?

पिपाणी

२३ नोव्हेंबर

पिपाणे,

शब्द लिहायचा तर पूर्ण लिहावा. टिंबं टाकून अर्धा सोडलेला शब्द मी छापायला जाऊ देत नाही, कारण वाचणारा उरलेल्या जागेत वाटेल ते भरतो. कॅन्सर. क वर अर्धचंद्र, न अर्धा, पुढे सर. बस, एवढाच आहे.

असेल का? असू शकतो. नसूही शकतो. मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचं सोंग तुझ्याशी करणार नाही. एवढं कळतं की नाव घेतल्याशिवाय कशावरच औषध देता येत नाही. तुझे सर्जन शहाणे आहेत. पुस्तक पूर्ण वाचताहेत. वाचू देत.

हे पत्र लिहायला दोन दिवस लागले. टपालाला दोष देऊ नकोस. तीन फाडली. त्यांत मी धीर देत होते आणि ते फार वाईट जमलं होतं.

आईबापावर चिडू नकोस. हवेबद्दल बोलणारी माणसं घाबरलेली असतात. तू भीती वाटते का ते विचारू नकोस म्हणालीस, तेव्हा तुलाही वाटतच होती. मला लिही. कितीही वेडंवाकडं. ऱ्हस्व-दीर्घ माफ.

आत्या

२७ नोव्हेंबर

ती. ताई,

हे पत्र मी दुकानातून लिहितोय. पोरीला सांगू नकोस.

तू तिला तो शब्द लिहून पाठवलास, तो मी वाचला. तिनेच पत्र टेबलावर उघडं ठेवलं होतं, मला वाटतं मुद्दामच. मी तुझ्यावर भयंकर रागावणार होतो. शब्दही जुळवून ठेवले होते. पण आज अहवाल आला.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना बसवलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो. त्या आमच्याशी बोलल्याच नाहीत, आधी पोरीला विचारलं, "तुला काय वाटतं, काय असेल?" आणि आपली पोर सरळ बसून म्हणाली, "कॅन्सर." पूर्ण म्हणाली, ताई. माझ्या तोंडून अजून निघत नाही. बाई म्हणाल्या, "बरोबर. हॉजकिन लिम्फोमा नावाचा. रसग्रंथींचा." आणि लगेच म्हणाल्या, "उपचार कठीण आहेत, काही महिने चालतील, पण या वयात हा बहुतेकांचा पूर्ण बरा होतो."

मग मी काय केलं असेन? बाईंच्या चष्म्यावर डाग होते. मी म्हणालो, "जरा देता का?" त्यांनी दिला. मी खिशातलं फडकं काढून पुसला. मग हिचा पुसला. मग तिथल्या नर्सचा मागितला. कुणी हसलं नाही. फक्त पोरगी म्हणाली, "बाबा, तो प्लास्टिकचा आहे, घासू नका." त्यावर मी जो रडायला लागलो तो थांबेना.

ताई, मी साबण म्हणत बसलो. हवा अडकली म्हणालो. एक्स-रे उलटा धरला. मी माझ्या पोरीच्या गळ्यातली गाठ बघितली आणि मला दिसली नाही.

तुझा भाऊ

३० नोव्हेंबर

अरे शहाण्या,

तू साबण म्हणालास. तुझ्या बायकोने ढेकूण शोधले. मी तर तिला झांजवाला शोधून दिला. डॉक्टरांनाही तिसऱ्यांदा कळलं, आणि ते शिकलेले. तरण्या पोरीला खाज सुटली, तर कोण असं काही मनात आणेल? आपल्याला आधी दिसलं नाही, याचं रडणं एक दिवस पुरे. बाईंना सरळ विचार, उशिराने काही बिघडलं का? मनात ठेवून दुकानात काचा पुसत बसू नकोस.

आणि तो शब्द म्हणायला शीक. आरशासमोर म्हण. गिऱ्हाईक नसताना म्हण. तिला एकटीला म्हणायला लावू नकोस.

मी येते आहे. पहिल्या औषधाला मी तिच्याजवळ असेन. माझी खाट खिडकीशी नको, मला आता गाड्यांचे आवाज ऐकू येतात.

ताई

९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तू गेल्यावर वॉर्ड सुना झाला. हात धुण्याच्या सूचनेतल्या चुका तू लाल शाईने दुरुस्त करून गेलीस, ती त्यांनी नव्याने छापून लावली. चार वर्षांच्या बाई सगळ्यांना सांगतात, "ती तोफ आजी माझी मैत्रीण आहे." त्या सुट्टीवर घरी गेल्यात. जाताना मला म्हणाल्या, "तू नीट जेव."

डोक्यावर आता एकही केस नाही. बोका पहिल्यांदा फिस्कारला, मग माझ्या उशीवर झोपायला लागला. गंमत म्हणजे खाज पहिल्या औषधानंतरच थांबली. घामही. मी आईला म्हटलं, "बघ, ढेकूण गेले."

बाबांनी बाईंना विचारलं, तू सांगितलं होतंस तसं. बाई म्हणाल्या, "लवकर कळणं केव्हाही चांगलंच, पण हा आजार महिनोन्महिने असाच लपंडाव खेळतो. तुमची मुलगी बरी होण्याच्या वाटेवर आहे, तुम्ही मागे बघत चालू नका, पडाल." बाबा आता शब्द म्हणतात. जरा जास्तच म्हणतात. काल दुकानात एका गिऱ्हाइकाला चष्म्याची काडी बसवून देताना संपूर्ण आजार समजावून सांगितला. तो बिचारा फक्त काडीसाठी आला होता.

पण एका गोष्टीचा मला फार त्रास होत होता, तो तुला आज सांगते. घरात मला कुणी रागावतच नव्हतं. मी ओला टॉवेल पलंगावर टाकला, आईने गुपचूप उचलला. दूध सांडलं, बाबा म्हणाले, "असू दे, छान सांडलंस." रेडिओ मुद्दाम मोठ्याने लावला, तर दोघं दारात उभे राहून ऐकायला लागले. मी काही बोलले की बरोबर. उलटं बोलले तरी बरोबर. इतकं वाईट वाटायचं! माणूस जायचा असला की असं वागतात ना? तू होतीस तोवर निदान तू ओरडायचीस.

काल उपचारांच्या मधल्या स्कॅनचा निकाल होता. हातात काहीतरी टोचतात, मग अंधाऱ्या खोलीत गप्प पडायचं, आणि जिथे आजार असतो तिथे चित्रात दिवे लागतात. नोव्हेंबरातल्या चित्रात माझी मान आणि छाती सबंध उजळलेली होती. बाईंनी कालचं चित्र त्याच्या शेजारी ठेवलं. दिवे विझले होते. सगळे. बाई म्हणाल्या, औषधं ठरल्याप्रमाणे पूर्ण करायचीच, पुढेही बरीच वर्षं तपासण्या होतील, पण आपल्याला जे बघायचं होतं ते हेच.

बाबांनी चित्र हातात घेतलं आणि आधी सुलटं आहे ना, ते विचारलं.

मग घरी आलो. कुणाला काय करावं ते कळेना. चहा टाकावा की शेजारी सांगावं, की आधी बसावं. मी दारातच चपला भिरकावल्या, एक इकडे, एक तिकडे, आणि आत पळाले. आई मागून पिशव्या घेऊन येत होती. ती अडखळली, पिशवी पडली, संत्री जिन्यावरून खाली गेली.

"कितीदा सांगितलंय चपला जागेवर ठेव म्हणून!" आत्या, आई ओरडली! "डोळे आहेत की नाही? एवढी घोडी झालीस, घर म्हणजे काय बसस्टँड आहे? ये इकडे! आत्ताच्या आत्ता ये! मी काय तुझी नोकर आहे?" बाबा आतून म्हणाले, "अगं, असू दे तिला," तर त्यांनाही मिळालं. "तुम्हीच लाडावून ठेवलीये! आणि तुमचे बूट तरी कुठे आहेत?"

मी परत दारात आले. मला रडू येत होतं आणि मी दात काढून हसत होते, त्यामुळे ती आणखी भडकली. मी चपला उचलल्या, जागेवर ठेवल्या, आणि तिचं ओरडणं थांबू नये म्हणून एक मुद्दाम वाकडी ठेवली.

तुझी पिपाणी